कपाळावरचा दिवा

कावेरीला बेंगळूरला आणलं तेव्हा तिच्या नवऱ्याला जाऊन सात महिने झाले होते. हयवदन होसकोट्याच्या शाळेत मास्तर होता. विषमज्वरानं एकविसाव्या दिवशी गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी सहा महिने तोंड वाकडं करून सांभाळलं आणि मग सासऱ्यांनी तिच्या थोरल्या बहिणीच्या पत्त्यावर कार्ड टाकलं : मुलगी तुमची आहे, येऊन घेऊन जा. तेव्हा कावेरी सव्वीस वर्षांची होती.

बहीण, अहल्याक्का, आली नाही. तिचा नवरा गुरुराज आला. तो बेंगळूरच्या एका मेडिकल कॉलेजात शिकवायचा. शरीर आतून कसं चालतं, हा त्याचा विषय. आवाज मऊ, बोलणं मोजकं. बसमध्ये त्यानं तिला खिडकीजवळ बसवलं आणि विचारलं, "पुढं काय करायचं मनात आहे?"

नवरा गेल्यापासून तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती भीतभीत म्हणाली, "शिक्षिकेचं ट्रेनिंग करावंसं वाटतं, भावोजी."

"करू या की. जूनमध्ये नाव घालू."

कावेरीनं खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले. हा माणूस देवासारखा भेटला, असं तिला वाटलं.

बसवनगुडीतल्या त्या घराला मागच्या बाजूला मोटारीची शेड होती. मोटार नव्हती, ती घरमालकाच्या बापाबरोबर गेली होती. शेडला गुरुराजनं कुलूप लावलं होतं. आठवड्याभरानं एका सकाळी त्यानं कुलूप उघडून कावेरीला आत नेलं. आत एक खुर्ची, तिच्या पाठीला डोकं टेकवायला लाकडी कंस, आणि समोर टेबलावर पत्र्याचं लांबट नळकांडं. शिवाजीनगरच्या एका पत्रेवाल्याकडून त्यानं ते करून घेतलं होतं. त्यात सिनेमाच्या यंत्रातला दिवा होता, पुढं भिंग आणि तीन सेकंद उघडून आपोआप मिटणारी झडप. बाजूला काट्याची तबकडी.

"बस," तो म्हणाला. "घाबरू नकोस, समजावून सांगतो."

आणि त्यानं खरोखरच छान समजावलं. बायकांच्या रक्तात महिनाभर काही रस चढत असतात, उतरत असतात. हॉर्मोन म्हणतात त्यांना. दातांच्या डॉक्टरकडे बाई जाते, नुसतं बोट लावलं तरी किंचाळते. दहा दिवसांनी तीच बाई त्याच दाताला चिमटा लावून घेते आणि हूं की चूं करत नाही. लोक म्हणतात नखरे. "मी म्हणतो नखरे नव्हेत. त्या दिवशी रस उतरलेला असतो. चेहऱ्याची सोसायची ताकद त्या रसाबरोबर वर-खाली होते. हे मला मोजून दाखवायचंय."

कावेरी ऐकत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "माझा जबडा दुखायचा. बाहेर बसायच्या आधी दोन दिवस. कानाखालून पार कपाळापर्यंत. सासूबाई म्हणायच्या, कामाचा कंटाळा."

बोलून झाल्यावर तिला लाज वाटली. असल्या गोष्टी पुरुषासमोर बोलायच्या नसतात. पण गुरुराजनं हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला होता. "कुठल्या बाजूला? किती वर्षं? बाहेरची झालीस की लगेच थांबायचं?" त्यानं एकेक विचारून वहीत लिहून घेतलं. आपलं दुखणं कुणी लिहून घेतंय, हेच तिला इतकं नवं होतं की त्यानं पुढं जे मागितलं त्याला तिनं लगेच मान हलवली.

मागणं असं होतं. रोज सकाळी सात वाजता कपाळाला काळी शाई लावून त्या खुर्चीत बसायचं. तीन सेकंद दिव्याचा झोत कपाळावर येईल. मग दर वेळी थोडा जास्त. ऊब कुठली आणि दुखणं कुठलं ते ओळखायचं, आणि दुखलं की "आता" म्हणायचं. काटा कुठं होता ते तो लिहील. महिन्यातला कितवा दिवस, तेही लिहील.

"अक्कावर का नाही करत?" तिनं विचारलं.

"केलं दोन दिवस. सवाष्णीच्या कपाळाला काळं लावायचं म्हणजे अपशकुन म्हणते. कुंकू पुसायला तयार नाही." तो बाटलीचं बूच काढत म्हणाला, "तुझ्या कपाळावर तसंही काही नसतं."

तो चिडून बोलला नव्हता की टोचूनही नाही. कपडे वाळत घालायला दोरी मोकळी आहे म्हणावं, तसं बोलला. ब्रशानं त्यानं तिच्या कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा काळा गोल काढला.

पहिला महिना बरा गेला. काटा एरवी एकशे नव्वदच्या आसपास असताना ती "आता" म्हणायची. बाहेर बसायच्या आधीच्या दोन दिवसांत मात्र एकशे साठलाच डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्या महिन्यात तसंच. गुरुराजनं निळ्या चौकटीच्या कागदावर रेघ काढली. ती रेघ सरळ चालत येऊन एका जागी खड्ड्यात पडल्यासारखी पडायची. "बघितलंस? हे तुझं दुखणं. कागदावर आलं." कावेरीला ती रेघ बघून रडू फुटलं. सासूबाईंना नेऊन दाखवावी असं वाटलं.

तिसऱ्या महिन्यात रेघ बिघडली. कपाळाची कातडी रोजच्या झोतानं रापली होती म्हणा, की कावेरीला दिव्याची सवय झाली होती म्हणा, खड्डा पडायच्या दिवशी पडला नाही.

"लक्ष कुठं आहे तुझं?" गुरुराजनं मऊ आवाजातच विचारलं.

"इथंच आहे, भावोजी."

"मग खोटं का सांगतेस?"

तिनं शपथ घेतली. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिची कॉफी बंद केली. कॉफीनं काटा चुकतो म्हणाला. मग रात्रीचं जेवण. मग त्यानं पद्धतच बदलली. दुखायला लागलं की सांगायचं नाही, सोसवेनासं झालं की सांगायचं. पहिल्याच आठवड्यात कपाळावर फोड आला. अहल्याक्का लोणी घेऊन आली, तर तो म्हणाला, "लावू नको. उद्याचं माप बिघडेल." अहल्या लोण्याची वाटी घेऊन परत गेली.

जून आला आणि गेला. "या वर्षी अर्ध्यात कसं सोडायचं?" गुरुराज म्हणाला. पुढचा जूनही तसाच गेला.

त्या वर्षीच्या ऑगस्टात त्यानं इंजेक्शनं आणली. रक्तातला रस आपणहून चढतो-उतरतो ते पाहून झालं होतं, आता वरून घालून बघायचं. एक दिवसाआड दंडात सुई. कावेरीला मळमळायला लागलं, छाती सुजून दुखायला लागली, आणि मग ती बाहेरची झाली ती बावीस दिवस झाले तरी थांबेना.

अहल्याक्काच्या घरात सोवळं कडक. तीन दिवस ठीक होतं, माजघराच्या कोपऱ्यात बसवून निभायचं. बावीस दिवस कोण निभावणार? अहल्यानं कावेरीची चटई उचलून शेडमध्ये नेऊन टाकली. ताट दारातून आत सरकवायची. गुरुराजला मात्र विटाळ नव्हता, शास्त्राला विटाळ नसतो म्हणायचा. रोज सकाळी येऊन तिच्या कपाळाला शाई लावायचा, आणि बाहेर पडला की अहल्या त्याला विहिरीवर उभं करून डोक्यावरून पाणी घालायची.

एकदा ताट सरकवताना कावेरीनं तिचं मनगट धरलं. "अक्का, माझ्यानं नाही होत आता. चक्कर येते. भावोजींना सांग ना."

"हात सोड! शिवलीस की नाही मला!" अहल्यानं मनगट पदराला पुसलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "अय्यो कावेरी, तीन सेकंदांचं तर काम. बाकी दिवसभर तुला कोण काय म्हणतं? होसकोट्याला धाडलं असतं तर उभं आयुष्य भाजली असतीस. स्वल्प सोस की. त्यांचं एडिंबराचं होऊ दे, मग तुलाही काहीतरी बघतील."

एडिंबराचं म्हणजे काय, ते कावेरीला तेव्हा कळलं. दोन वर्षांची शिष्यवृत्ती होती. ती देणाऱ्या समितीवरचे एक मोठे डॉक्टर मुंबईहून येऊन प्रयोग डोळ्यांनी बघणार होते.

ते डिसेंबरात यायचे ठरले. गुरुराजनं तीन आठवडे आधी सुया थांबवल्या, कारण त्याला ती निळ्या कागदावरची मूळ रेघच दाखवायची होती. दिवसही मोजून निवडला. कावेरीच्या पाळीला दोन दिवस राहिलेले असतील, तेव्हा ती सगळ्यात लवकर कळवळेल. आदल्या दुपारी तो शेडमध्ये आला.

"उद्या काटा एकशे साठवर गेला की 'आता' म्हणायचं. त्यापुढं जायचं नाही."

"आणि त्याच्या आधी दुखलं तर?"

"एकशे साठ म्हटलं ना."

"सरी, बरं," ती म्हणाली. मग तिनं धीर करून विचारलं, "भावोजी, तुम्ही दोघं गेल्यावर माझ्या ट्रेनिंगचं कुणाला सांगून जाल?"

गुरुराज यंत्राचं भिंग पुसत होता. त्यानं तिच्याकडं वळून तिचं कपाळ नीट न्याहाळलं, जसं काही पहिल्यांदाच बघतोय. "असं कपाळ घेऊन मुलांपुढं उभी राहणार तू? पोरं भितील." भिंग उजेडाला धरून तो म्हणाला, "तुझ्या सासऱ्यांना लिहिलंय मी. फेब्रुवारीत ते घेऊन जातील."

त्या दिवशी कावेरीचा जबडा खरोखरच दुखत होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात दुखायचा तसा. ती चटईवर उताणी पडून राहिली. तिला राग येत नव्हता. आतून सगळं कोरडं पडल्यासारखं झालं होतं आणि त्या कोरडेपणात एकच गोष्ट तिला दिसत होती : ती "आता" म्हणते म्हणून काटा थांबतो. नाही म्हटली तर?

मुंबईचे डॉक्टर सकाळी आले, कॉलेजच्या प्राचार्यांना घेऊन. टक्कल पडलेले, हसरे गृहस्थ. अहल्यानं दारातच कॉफी दिली. गुरुराजनं भिंतीवर निळे कागद टांगले होते. त्यानं खड्ड्यावर बोट ठेवून सगळं सांगितलं. मग कावेरीला शाई लावली.

काटा एकशे चाळीसवर होता. झडप उघडली, मिटली. एकशे पन्नास. डोळ्यांसमोर लाल झालं, जबड्यातून कळ निघून कानात शिरली. एकशे साठ. ती गप्प राहिली.

गुरुराज थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं समोर भिंतीकडं पाहिलं.

"चालू द्या," मुंबईचे डॉक्टर म्हणाले.

एकशे सत्तर. एकशे नव्वद. तिनं खुर्चीचे हात धरले नव्हते. हात मांडीवर होते आणि ते तिथंच ठेवायचे असं तिनं मनाशी ठरवलं होतं. दोनशे दहा. दोनशे तीस. कुणीतरी खाकरलं. वास सुटला होता. सगळ्यांनाच तो आला, कारण प्राचार्यांनी रुमाल नाकाला लावला. तरीही कुणी थांबवा म्हणालं नाही. गुरुराजच्या हातानं काटा आणखी एकदा सरकवला, झडप उघडली, आणि तीन सेकंद कावेरीला स्वतःचं नावही आठवेनासं झालं.

शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनीच पुढं होऊन दिव्याचं बटण बंद केलं. ते तिच्यासमोर वाकले. "बाई, दुखलं नाही तुम्हाला?"

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टर सरळ उभे राहिले. "गुरुराजराव, तुमच्या कागदाप्रमाणं आज या बाईंनी एकशे साठलाच ओरडायला हवं होतं."

गुरुराजच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं कावेरीनं पाहिलं. दोन वर्षं, चार महिने. ते बघताना तिच्या मनात जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही, पण ते आनंदाच्या अगदी जवळचं होतं.

ते फार टिकलं नाही.

"साहेब," गुरुराज म्हणाला, आणि त्याचा आवाज परत मऊ झाला होता, "मुद्दामच शेवटी सांगायचं ठेवलं होतं. ते कागद मूळ स्थितीचे. आज हिच्या रक्तात रस वरून घातलेला आहे. चार महिने सुया चालू आहेत."

"म्हणजे रस कमी पडू दिला नाही तर वेदना होतच नाही?"

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत."

मुंबईचे डॉक्टर कितीतरी वेळ तिच्या कपाळाकडं बघत राहिले. मग त्यांनी गुरुराजचा हात हातात घेतला. दोघं बोलत बोलत बाहेर गेले. प्राचार्यही गेले. शाई पुसायची कुणाला आठवण राहिली नाही.

संध्याकाळी गुरुराज आला तेव्हा कावेरी म्हणाली, "मला दुखलं होतं. मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "वास काय मला आला नाही होय?"

"मग सांगा त्यांना."

"कशाला? त्यांनी विचारलं, तू सांगितलंस. मी तर तोवर तोंडही उघडलं नव्हतं."

जानेवारीत शिष्यवृत्तीचं पत्र आलं. त्यात एक अट होती : निघण्याआधी दोन-चार रुग्णांवर इंजेक्शनांचा गुण पाहून कळवावं. गुरुराजनं चिकपेटेतून ठकुबाईला बोलावून घेतलं. ठकुबाई शिवणकाम करणारी बाई, वय पंचेचाळीसच्या पुढं, पाळी जात आलेली. वर्षभर तिचा अर्धा चेहरा ठणकत होता. वारा लागला तरी कळ यायची. चार दात काढून झाले होते. ती शेडच्या पायरीवर गालाला पदर लावून बसायची आणि सुई टोचून घ्यायची.

कावेरीचं कपाळ तोवर चिघळलं होतं. फडकं बांधून ती अंगण झाडायची. तिसऱ्या खेपेला तिनं ठकुबाईला हळूच विचारलं, "गुण आहे का?"

"दुखतंय तसंच," ठकुबाई म्हणाली. "पण डॉक्टर म्हणतात, आता तेवढं दुखत नाही. त्यांना जास्त कळतं."

"पोटात ढवळतं का? अंगावरून जातं का?"

ठकुबाईनं मान हलवली आणि लाजून खाली बघितलं.

चौथ्या खेपेला गुरुराज सुई भरत होता, ठकुबाईनं चोळीची बाही वर केली होती, तेव्हा कावेरी झाडू टाकून दारात आली. "ठकुबाई, हे घेऊ नका. याचा पुरावा म्हणजे मी. मला दुखत नाही, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. यानं काहीसुद्धा थांबत नाही, नुसतं अंगातलं रक्त जातं."

ठकुबाई भांबावून डॉक्टरकडं बघायला लागली.

गुरुराज रागावला नाही. त्यानं सुई टेबलावर ठेवली, कावेरीजवळ आला आणि तिच्या कपाळावरचं फडकं सोडलं. मग, वैद्य नाडी बघतो तितक्या शांतपणे, त्यानं अंगठा त्या ओल्या जखमेवर ठेवून दाबला.

कावेरी किंचाळली. अंगणाच्या भिंतीवरचे कावळे उडाले. ती चौकट धरून खाली बसली आणि गुरासारखी ओरडत राहिली, थांबता येईना.

"बघितलंत?" गुरुराज ठकुबाईला म्हणाला. "हिलाच भट्टीसारखी आग या खुर्चीत सोसताना मी दाखवलं होतं, मुंबईच्या डॉक्टरांसमोर. तेव्हा हूं केलं नाही हिनं. आता हिच्या सुया बंद केल्यात. हा असा फरक पडतो."

ठकुबाईनं खाली बसलेल्या कावेरीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत कणव होती, आणि भीतीही. मग तिनं उतरलेली बाही पुन्हा वर केली आणि दंड पुढं केला.

अहल्यानं फेब्रुवारीची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच सकाळी शिवाजीनगरच्या स्टँडवर तिनं कावेरीला होसकोट्याच्या बसमध्ये बसवलं, मांडीवर चकलीचा डबा ठेवला आणि पदर कपाळावर पुढं ओढून दिला. "पोचलीस की कार्ड टाक," ती म्हणाली.

होसकोट्याला सासूबाई, अंबुबाई, दारातच उभ्या होत्या. त्यांनी पदर मागं सारून बघितलं आणि मागच्या खोलीकडं बोट केलं. कावेरी तिथं पत्रावळी लावायला बसली. जखम भरायला पावसाळा उजाडला. भरली ती आत ओढून, भुवया कायमच्या उचललेल्या राहिल्या. समोरचा माणूस काहीही बोलो, कावेरी आश्चर्य करतेय असं दिसायचं. अंबुबाई त्यावरून शेजारणींत हसायच्या.

महिन्यातले ते दोन दिवस अजून यायचे. डाग तेव्हा निखाऱ्यासारखा व्हायचा, वाऱ्याची झुळूकही नको वाटायची. गुरुराजची ती पहिली रेघ अगदी बरोबर होती, हे त्या दिवसांत तिच्याइतकं कुणालाच कळत नसेल. ती पानं तशीच ओढायची, चोया टोचायची. अंबुबाई आतून हाक मारायच्या, आज किती झाल्या म्हणून, आणि कावेरी मोजून सांगायची.